पहिल्या राऊंडनंतर पाय का भरतात?

पत्र

ताई,
मी जालना जिल्ह्यातली, अंबड तालुक्यातली. वय 20, वजन 48 किलो, बारावी सायन्स. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, तीन महिने आहेत असं धरून चाललेय. 800 मीटरला माझं टायमिंग 3 मिनिटं 20 सेकंदांवर अडकलंय. 400 मीटरचा पहिला राऊंड 1.25 मध्ये (1 मिनिट 25 सेकंदांत) मारते, पण दुसऱ्यात पाय असे भरून येतात की उचलतच नाहीत. तो राऊंड 1.55 ला जातो. आउट ऑफ मार्क, म्हणजे पैकीच्या पैकी, हवे असतील तर 2.50 ला यायला पाहिजे. अकॅडमीचे सर म्हणतात, "पहिला राऊंड बरोबर आहे, फक्त दुसऱ्यात दम धर." रोज पहाटे 5 किलोमीटर जोरात पळते, तेही उपाशी, कारण चुलतभाऊ म्हणतो उपाशी पळाल्याने स्टॅमिना वाढतो. पळायच्या आधी मैत्रिणी ग्लुकोज पावडर घेतात, मीही घेते, फरक पडत नाही. 100 मीटर 17 सेकंदांच्या खाली येत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. सर म्हणतात ते लॅक्टिक ॲसिड आहे, अजून पळून ते काढून टाकायचं. हल्ली घरचा जिना चढतानाही धाप लागते. तयारी कमी पडतेय का? ऊर्जा आणायची कुठून?
– खाकीची वाट पाहणारी

उत्तर

प्रिय मुली,

सगळ्यात आधी तुझ्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते जे तू जाता जाता लिहिलंयस. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्या 20 वर्षांच्या मुलीला जिना चढताना धाप लागणं बरोबर नाही. ही तयारीतली कमतरता वाटत नाही. या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. का ते पुढे सांगते, पण चिठ्ठी वाचून होईपर्यंत ते विसरू नकोस.

आता तुझा मूळ प्रश्न, ऊर्जा आणायची कुठून. माझं उत्तर तुला विचित्र वाटेल: कुठूनही नाही. ती तुझ्याकडे आहे. 48 किलोच्या माणसाला 800 मीटर पळायला साधारण 40 किलोकॅलरी लागतात, अर्ध्या भाकरीतही त्याहून जास्त असतात. तुझ्या स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, काही शे ग्रॅमचा साठा असतो. एका ग्रॅमच्या चार किलोकॅलरी धरल्या तर हिशेब तूच कर. विहीर तुडुंब आहे, मोटर कमी एचपीची आहे, आणि तू विहिरीत वरून तांब्याभर पाणी ओततेयस. ग्लुकोज पावडरने फरक पडत नाही तो यामुळे. उलट काही जणींना पळण्याच्या अर्ध्या-पाऊण तास आधी नुसतं ग्लुकोज घेतलं की रक्तातली साखर आधी चढते आणि मग नेमकी पळायच्या वेळी खाली येते. तुझ्या 800 मीटरचा प्रश्न किती इंधन आहे हा नाही. एका सेकंदाला किती इंधनाचं कामाच्या ऊर्जेत रूपांतर होतं, हा आहे.

ते कसं होतं हे तू बारावीला वाचलं असशील, पण पुस्तकात ते पेशीच्या चित्रात असतं आणि मैदानात पोटरीत असतं, त्यामुळे दोन्हींचा संबंध लागत नाही. स्नायू आकुंचन पावतो तो फक्त एटीपीवर, म्हणजे पेशीला थेट वापरता येईल अशी ऊर्जा देणाऱ्या रेणूवर. भात खा, तूप खा, अंडं खा, शेवटी एटीपी झाल्याशिवाय पाय हलत नाही. आणि हे एटीपी शरीर फारसं साठवून ठेवत नाही. पूर्ण ताकदीने पळायचं म्हटलं तर स्नायूत तयार असलेलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल. संपत नाही, कारण ते खर्च होताहोताच पुन्हा बनत असतं. बनवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग क्रिएटिन फॉस्फेटचा. एकाच रासायनिक पायरीत एटीपी तयार, ऑक्सिजनची गरज नाही, साखर फोडायची गरज नाही. वेगाला याला तोड नाही. पण पूर्ण जोरात आठ-दहा सेकंदांत बहुतेक रिकामा. याचा शोध 1927 साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी लावला. हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. लेखी परीक्षेच्या सामान्य ज्ञानात कुणी त्यांच्याबद्दल विचारेल असं वाटत नाही, पण विचारायला हवं.

दुसरा मार्ग ग्लुकोज अर्धवट फोडण्याचा. तुमच्या पुस्तकात त्याला ग्लुकोज-विघटन म्हटलंय. यालाही ऑक्सिजन लागत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूमागे हाती लागतात फक्त 2 एटीपी, पण लागतात भराभर. यात लॅक्टेट तयार होतं, सर ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतात ते. त्याच्यावर नंतर बोलू, कारण त्या बिचाऱ्याच्या नावावर नको ते खपवलं गेलंय.

तिसरा मार्ग तंतुकणिकांमधला, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला. इथे ऑक्सिजन लागतो, पायऱ्या खूप आहेत, म्हणून वेग कमी. पण त्याच एका ग्लुकोजमधून 30 ते 32 एटीपी निघतात. (जुन्या पुस्तकांत 38 लिहिलेलं असतं, त्यावर मैत्रिणीशी भांडू नकोस.) चरबी जळते तीही फक्त याच मार्गाने, आणि ती साखरेपेक्षाही सावकाश जळते.

अकॅडम्यांमध्ये हे असं शिकवतात की पहिले दहा सेकंद पहिला मार्ग, मग तो बंद, मग दुसरा, आणि दोन मिनिटांनी तिसरा सुरू होतो. तसं नसतं. शिटी वाजली की तिन्ही एकदमच सुरू होतात. बदलतो तो प्रत्येकाचा वाटा. पूर्ण जोर लावून केलेल्या कामात साधारण सव्वा मिनिटाच्या आसपास निम्मी ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने आलेली असते आणि निम्मी बाकीच्या दोघांकडून. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात तयारीच्या धावपटूंवर हे मोजलं होतं. ऑक्सिजनवाल्या मार्गाचा वाटा 200 मीटरला 29 टक्के, 400 ला 43, 800 ला 66 आणि 1500 ला 84 टक्के निघाला. ते लोक 800 मीटर दोन मिनिटांच्या आत मारणारे होते. तुला तीन मिनिटांच्या वर लागतात, म्हणजे तुझ्या शर्यतीत हा वाटा त्याहूनही मोठा. तू 800 ला झटक्याची शर्यत समजून पळतेयस आणि ती दोन तृतीयांशाहून जास्त श्वासाची शर्यत आहे.

आता तुझे दोन राऊंड बघ. 100 मीटर तू 17 सेकंदांत पळतेस. त्याच वेगाने 400 मारता आले असते तर 68 सेकंद लागले असते. पहिला राऊंड तू 85 सेकंदांत मारतेस, म्हणजे तुझ्या कमाल वेगाच्या 80 टक्के. इतक्या वेगाला जेवढं एटीपी दर सेकंदाला लागतं, तेवढं तुझा ऑक्सिजनचा मार्ग आज देऊ शकत नाही. त्यात सुरुवातीला तो अजून जागाही झालेला नसतो, फुप्फुसं, हृदय, स्नायू सगळे आपापल्या पूर्ण क्षमतेला यायला मिनिट-दीड मिनिट जातं. कमी पडलेला सगळा भार दुसऱ्या मार्गावर पडतो. तो भार उचलतो, पण त्यासोबत स्नायूंत हायड्रोजन आयन आणि सुटा फॉस्फेट साचत जातो. या दोन्हींमुळे स्नायूतंतूंची पकड ढिली होते, मेंदूने सांगितलं तरी पाय तेवढ्या जोरात ओढला जात नाही. तू ज्याला पाय भरणं म्हणतेस ते हे. इथून पुढे "दम धर" म्हणून ओरडण्याचा उपयोग नाही. दम धरायचा तो पहिल्या राऊंडला.

सरांचा हिशेब मला कळतो. 2.50 चे दोन भाग केले की 1.25 येतात, म्हणून पहिला राऊंड 1.25. कागदावर बरोबर आहे. पण 2.50 ची तयारी झालेल्या मुलीचा तो वेग आहे, आजच्या तुझा नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डेव्हिड रुडिशाने 800 मीटरचा विश्वविक्रम केला, 1 मिनिट 40.91 सेकंद. त्याचा पहिला राऊंड 49.28 सेकंदांचा होता, दुसरा 51.63 चा. दोन राऊंडमध्ये फरक सव्वादोन सेकंदांच्या आसपास. तुझ्या दोन राऊंडमध्ये 30 सेकंदांचा आहे.

म्हणून येत्या रविवारी, बाकी काही न बदलता, एकच कर. पहिला राऊंड 1.36 ला मार. घड्याळ घेऊन कुणालातरी 200 मीटरच्या खुणेवर उभं कर आणि 48 सेकंदांच्या आधी तिथे पोहोचलीस तर त्याला ओरडायला सांग. पहिले दोनशे मीटर तुला लाजिरवाणे वाटतील, सोबतच्या मुली पुढे जातील. जाऊ देत. दुसरा राऊंड 1.40 च्या आत यावा असा माझा अंदाज आहे, आणि आला तर एकही दिवस जास्त न पळता टायमिंग 3.15 च्या आसपास येईल. गुणांचा तक्ता भरतीच्या जाहिरातीसोबत असतो, तो समोर ठेवून बघ.

यापुढचं काम ऑक्सिजनचा मार्ग रुंद करण्याचं. 1967 साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना 12 आठवडे फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची विकरं (एन्झाइम्स) जवळपास दुप्पट झालेली दाखवली. माणसांतही हा बदल होतो, किती होतो ते ज्याच्या त्याच्यावर. स्नायूभोवतीच्या केशवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. पण हे घडवायला रोज जोरात पळावं लागत नाही. बहुतेक किलोमीटर सावकाश पळावे लागतात. सावकाश म्हणजे शेजारच्या मैत्रिणीशी अख्खं वाक्य बोलता येईल इतकं. तू रोज पाच किलोमीटर जोरात पळतेस, म्हणजे ते धड सावकाशही नाही आणि शर्यतीच्या वेगाइतकं वेगवानही नाही. रोज अर्धवट थकायचं, अर्धवट भरून यायचं, आणि तीन-चार महिन्यांनी टायमिंग तिथल्या तिथे. भरतीच्या मैदानांवर पहाटे असल्या दमलेल्या मुलामुलींची रांगच दिसते.

आणि इथे मला एक गोष्ट जरा जोरात सांगायची आहे. तुमच्या ग्राउंडचे 50 गुण. त्यातले 800 मीटरला 20, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. म्हणजे 30 गुण अशा दोन प्रकारांना आहेत जे वीस सेकंदांच्या आत संपतात. गोळा तर दोन सेकंदही घेत नाही. हे दोन्ही मुख्यतः पहिल्या मार्गाचे, 100 मीटरच्या शेवटच्या भागात दुसऱ्याचेही. आणि तू आठवडाभर काय पळतेस? पाच किलोमीटर. तुझा 100 मीटरचा आकडा हलत नाही यात नवल काय? ज्या मार्गाला तू कधी हातच लावला नाहीस तो सुधारणार कसा?

क्रिएटिन फॉस्फेटचा मार्ग तयार करायचा असेल तर एक अट पाळावीच लागते, पुरेशी विश्रांती. जोरात पळून रिकामा झालेला हा साठा अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. अकॅडमीत दहा जणींच्या रांगेत 100 मीटरचे आठ फेरे मारायचे आणि परत येताना जॉगिंग करून लगेच उभं राहायचं, असं चालतं. त्यात तिसऱ्या फेरीपासून वेगाचा सराव संपलेला असतो, थकव्याचा सुरू झालेला असतो. तू असं कर: 30 मीटरचे सहा फेरे, पूर्ण जोरात, प्रत्येकानंतर दोन मिनिटं चालणं. मग 60 मीटरचे चार, प्रत्येकानंतर चार मिनिटं. सोबतच्या मुली म्हणतील ही नुसती फिरतेय. म्हणू देत. कुठल्याही फेरीत वेग उतरला असं वाटलं की त्या दिवसाचं काम थांबव. उभं राहून सुटण्याचाही सराव कर, पहिली चार-पाच पावलं पुढे झुकून आणि जमिनीला मागे ढकलत. त्या सुरुवातीतही वेळ वाया जात असतो.

गोळ्याचंही तसंच. 4 किलोचा गोळा लागोपाठ वीस वेळा फेकू नकोस. दोन फेकींमध्ये मिनिटभर जाऊ दे, आणि फेकी कमी पण मन लावून. गोळ्याचं अंतर हाताने वाढत नाही, मांड्या आणि कमरेने वाढतं, म्हणून आठवड्यातून दोनदा बैठका, पायऱ्यांवर दोन्ही पायांनी उड्या आणि पाठीवर वाळूची छोटी पिशवी घेऊन पायरी चढणं. वेगाच्या आणि ताकदीच्या या कामाचा 800 लाही फायदा आहे: 100 मीटर 16 सेकंदांवर आलं तर 1.25 चा राऊंड तुझ्या कमाल वेगाच्या 80 वरून 75 टक्क्यांवर येतो. त्याच टायमिंगला भार कमी.

आठवडा साधारण असा लाव. सोमवारी 35 ते 40 मिनिटं सावकाश. मंगळवारी वेगाचे फेरे, गोळा आणि बैठका. बुधवारी पुन्हा सावकाश, वाटलं तर अर्धा तासच. गुरुवार हा तुझ्या 800 चा दिवस: 400 मीटरचे चार राऊंड, प्रत्येक 1.38 च्या आसपास, मधे तीन मिनिटं चालणं. चारही राऊंड सारखे आले तरच पुढच्या आठवड्यात पाचवा जोड किंवा प्रत्येकातून एक-दोन सेकंद काढ. पहिला 1.30 आणि शेवटचा 1.50 असं झालं तर तो दिवस फुकट गेला समज. शुक्रवारी बैठका आणि गोळा, पळणं नाही. शनिवारी 50 मिनिटं ते तासभर, एकदम सावकाश, शेतातल्या पाऊलवाटेने गेलीस तर डांबरापेक्षा बरं. रविवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी. (येत्या रविवारची चाचणी तेवढी अपवाद, तिच्या आदल्या शनिवारी फक्त अर्धा तास पळ.) पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी गुरुवारी राऊंडऐवजी एकदा पूर्ण 800 वेळ लावून पळायचं, रोज नाही.

तीन महिन्यांत 2.50 होईल का? मला खात्री नाही, आणि जो कुणी तुला खात्री देईल त्याच्यापासून जरा लांब राहा. पण 3.20 वरून 3.05 च्या आसपास येणं मला शक्य कोटीतलं वाटतं. बाकीचे गुण 100 मीटर आणि गोळ्यात शोधायचे आहेत.

आता लॅक्टिक ॲसिड. दुसऱ्या दिवशीचं मांड्यांचं दुखणं त्याचं नाही. पळून झाल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट जवळपास पूर्वपदाला आलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकायला तिथे काही शिल्लकच नसतं. ते दुखणं स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचं असतं, विशेषतः उतारावर पळताना किंवा वेगात असताना एकदम थांबताना होणाऱ्या. ते एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतं आणि आपोआप जातं. त्यावर उपाय म्हणून अजून जोरात पळणं म्हणजे दुखऱ्या जागी पुन्हा मार. हलकं चालणं, फार तर सावकाश जॉगिंग, बास.

लॅक्टेट हा कचरासुद्धा नाही. हृदय ते जाळतं, शेजारचे स्नायू जाळतात, उरलेलं यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने हे चक्र दाखवलं, आणि ग्लायकोजेनवरच्या कामासाठी त्यांना 1947 चं नोबेल मिळालं. 1920 च्या दशकात मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा लॅक्टिक ॲसिडमुळेच स्नायू आकुंचन पावतो असं मानत होते. 1930 मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक ॲसिड तयारच होऊ न देता बेडकाचा स्नायू हलवून दाखवला आणि ते मत कोसळलं. सरांना हे सगळं ऐकवू नकोस. ते रोज पहाटे मुलांसाठी मैदानावर येतात, त्यांचा मान ठेवायचा आणि आपला आठवडा आपण लावायचा. वेळापत्रक त्यांना दाखव, बदल विचारून कर.

उपाशी पळण्याबद्दल. रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरतो, स्नायूंतला तेवढा उतरत नाही. म्हणून सावकाश पळायच्या दिवशी अर्धा-पाऊण तास काही न खाता पळालीस तरी बिघडत नाही. पण मंगळवार आणि गुरुवार उपाशी नको. तासभर आधी एक केळं, किंवा शिळ्या भाकरीचा चतकोर आणि गूळ. उपाशी पळताना चरबी जास्त जळते, भावाच्या म्हणण्यात खरं असेल तर तेवढंच, पण 48 किलोच्या मुलीने कुठली चरबी जाळायची? आणि 800 मीटर पळताना शरीर चरबीकडे फारसं बघतही नाही, तिचा वेगच पुरत नाही. पळून आल्यावर मात्र तासाभरात नीट खा: भाकरी, मटकीची उसळ, अंडं किंवा दूध, मूठभर शेंगदाणे. चहा-बिस्किटावर दहा वाजेपर्यंत काढू नकोस.

अकॅडमीत पावडरींचे डबे घेणारी मुलं असतात, तुलाही कुणी सुचवेल. त्यातलं क्रिएटिन हे खरंच पहिल्या मार्गाशी संबंधित आहे, छोट्या जोराच्या कामात थोडा फायदा देतं, सोबत पाणी धरून किलोभर वजनही वाढवतं. तेच पैसे तुझ्या घरी अंडी आणि दुधावर गेलेले मला जास्त आवडतील. आणि कुणी इंजेक्शन किंवा "ग्राउंडच्या दिवशीची गोळी" म्हणालं तर तिथून उठायचं. भरतीत अशी मुलं पकडली गेल्याच्या बातम्या आल्या आहेत, आणि उन्हात जोर लावताना ती औषधं जिवावरही बेततात.

आता हिमोग्लोबिन. तुझ्या शर्यतीचा दोन तृतीयांश भार ज्या ऑक्सिजनवर आहे तो स्नायूपर्यंत नेतं ते हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. मुलींमध्ये ते 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. तुझं 9 निघालं, तर 12 असलेल्या मुलीच्या तुलनेत तुझं रक्त चौथा हिस्सा ऑक्सिजन कमी नेतंय. मग कितीही 400 मार, दुसऱ्या राऊंडला पाय भरणारच. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या, त्यामुळे तुझं कमी निघालं तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. तुझं नक्की तेच आहे असंही मी म्हणत नाही, म्हणून तर तपासायला सांगतेय. गोळ्या डॉक्टर देतील तेवढ्या आणि तेवढेच दिवस. त्या बऱ्याचदा सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळी आणि जेवणासोबत लिंबू चालतं, उपयोगाचंच आहे, चहा मात्र दोन्हीपासून तासभर लांब ठेव, तो लोह शोषू देत नाही. आकडा वर यायला आठवडे लागतात, म्हणूनच उद्या-परवा करू नकोस.

पाळी नीट येते का तेही डॉक्टरांना सांग. तीन महिने आली नसेल तर ते जास्त पळण्याचं आणि कमी खाण्याचं लक्षण असू शकतं, "बरं झालं, त्रास नाही" म्हणून सोडून देण्याचं नाही. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलीस तर त्या दिवसापासून पळणं बंद, आधी दवाखाना. हिमोग्लोबिन 10 च्या खाली आलं तर गुरुवारचे राऊंड आणि जोराचे फेरे डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबव, सावकाश चालणं-पळणंही त्यांना विचारूनच.

ग्राउंडच्या दिवशी बहुतेक वेळ रांगेत जातो, पहाटे बोलावतात आणि नंबर कधी लागेल सांगता येत नाही. सोबत केळी, गूळ-पोळी आणि पाणी ठेव, भूक लागायची वाट न बघता थोडं थोडं खात राहा, सावली असेल तिथे बस. 800 ला बोलावण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी दहा मिनिटं जॉगिंग आणि 60-80 मीटरचे तीन-चार मोकळे फेरे मार, म्हणजे तो मिनिटभर उशिरा जागा होणारा मार्ग शिटीच्या आधीच जागा असेल. "आत्ताच दमशील" म्हणून बाकीच्या बसून राहतील. 100 मीटर आणि 800 मध्ये वेळ मिळाला तर चालत राहा, आडवी होऊ नकोस. पहिल्या दोनशे मीटरला घोळका सुसाट सुटेल तेव्हा तुला कुणी 48 सेकंद ओरडून सांगणार नाही, म्हणून तो वेग आत्ताच गुरुवारच्या राऊंडमध्ये पायांत बसवून घे.

हिमोग्लोबिनचा आकडा आणि रविवारचे दोन्ही राऊंड मला लिहून कळव, त्यावरून गुरुवारचे टायमिंग बदलून देते.

– ताई